घंटा वाजली, होस्टेल अडलं

“ती घंटा वाजणार असेल, तर माझी संमती नाही,” मोरी-सान दारातूनच म्हणाल्या. त्या रहिवासी मंडळाच्या अध्यक्ष. वय ऐंशीच्या घरात, आवाज खणखणीत.

इंग्लंडमधल्या एका शेकडो वर्षं जुन्या शाळेने टोकियोजवळ शाखा काढली होती. लायब्ररी, नाट्यगृह, पोहण्याचा तलाव, सगळं झकास. शिवाय मूळ शाळेसारखी घंटा हवी होती. तिथे म्हणे पिढ्यान्‌पिढ्या मुलं त्या घंटेवरच उठतात. शेजाऱ्यांना राजी करायचं काम माझ्याकडे. मी इचलकरंजीत सूत विकत मोठा झालो. घासाघीस रक्तात आहे.

जपानमध्ये निर्णय मीटिंगमध्ये होत नाही. आधी घरोघरी जाऊन एकेकाचं मन वळवायचं. याला नेमावाशी म्हणतात. मीटिंग म्हणजे नुसत्या अक्षता.

“रविवारी वाजवणार नाही,” मी म्हणालो.

“शनिवारीही नाही. आणि सकाळी आठच्या आधी तर मुळीच नाही. आमच्या यजमानांचा पहाटे कुठे जरा डोळा लागतो.”

“कबूल. शिवाय सुट्टीत तलाव तुम्हा सगळ्यांना खुला.”

तलावासाठी मी हेडमास्तरांशी कडाकडा भांडलो. मग उरलेली सगळी घरं पालथी घातली.

मीटिंग पाच मिनिटांत आटोपली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी चकार शब्द काढला नाही, काढायचा नसतोच.

बाहेर हेडमास्तर हसले. “किती साधी माणसं! तुम्हाला बोलावंसुद्धा लागलं नाही. होस्टेलचं आमचं आम्ही बघू.”

शाळेला पुढे होस्टेलही बांधायचं होतं, त्यालाही शेजाऱ्यांची संमती लागणार होती. तेच खरं मोठं काम. त्याच्या भरवशावर मी दोन क्लायंट सोडले होते.

“तुमची घंटा गळ्यात बांधून मी दारोदार फिरलोय!” मी ओरडलो. ते घड्याळ बघत राहिले.

घरी बायको म्हणाली, “अहो, गावी भाजीवाल्याशी तासभर वाद घालता, आणि नेमके तिथे गप्प बसलात?”

होस्टेलच्या मीटिंगला हेडमास्तरांनी शाळेच्या इतिहासाच्या स्लाइड्स दाखवल्या. शेवटी मोरी-सान म्हणाल्या, “विचार करू.” हेडमास्तरांना तो होकार वाटला. इथे तेवढं म्हटलं की तो नकारच, विषय संपतो. होस्टेल अजून कागदावरच आहे.

मला कुणी बोलावलं नाही. लंडनहून सल्लागार आणलाय. मीटिंगमध्ये फार छान बोलतो म्हणे.

मी धडा घेतला. आता सगळं आधीच ठरलेलं असलं, तरी मीटिंगमध्ये उभा राहून दहा मिनिटं बोलतो. जपानी लोक कंटाळतात. पुढचं काम मात्र मलाच मिळतं.