गोब्बर आणि गोबर

माझी विहीण आज पहाटे गेली. आणि बातमी ऐकून मी काय बोलले?

"रोपं किडकी दिली, पण बाई बरी होती."

सुमा, माझी सून, माहेरी निघायला बॅग भरत होती. तिचा हात थांबला.

थांबा, आधी रोपांचं सांगते.

गिरिजाक्का शिरशीकडची. कन्नड बोलायची, आमचं बोलणं तोडकंमोडकं. लेकीच्या लग्नानंतर तिनं आमच्या डिचोलीच्या कुळागरात, पोफळींच्या सावलीत लावायला कॉफीची रोपं आणली.

जाताना म्हणाली, "विहीणबाई, गोब्बर घाला हां. बरं गोब्बर."

आमच्याकडे गोबर म्हणजे राख. चुलीतली.

घातली. न्हाणीच्या चुलीची घातली, शेजारणीची घातली, पाववाल्या पदेराच्या भट्टीची पोती भरून आणली. वर युरिया फेकला. असा वास उठला की नाक झोंबलं.

मला वाटलं, खत लागू पडतंय!

पानं पिवळी झाली. शिरा तेवढ्या हिरव्या.

मग माझं तोंड सुटलं. देवळात, तिठ्यावर, लग्नाच्या पंगतीत. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला: "विहिणीची भेट बघा."

तुम्ही हसलात. कोण कोण हसलं ते मला आठवतंय.

पुढच्या खेपेला अक्का आली. माती चिमटीत घेतली, बोटांवर चोळली. माझ्याकडे बघितलं.

"रोपंच नाजूक होती, विहीणबाई. माझी चूक."

पदर खोचून तिनं बुंध्याची माती खरवडून काढली. शेणखत घातलं, पालापाचोळा पसरला. दुकानातलं खत ओल बघून थोडं थोडं, खोडापासून लांब.

"नत्र पानाला, पालाश फळाला," म्हणाली. "एकच खूप घातलं की दुसरं झाडाला घेता येत नाही. ताटात नुसतं मीठ वाढलं तर कोण जेवणार?"

"मला ताट वाढायला शिकवू नका," मी म्हटलं.

झाडं सुधारली. आता लाल फळांनी वाकतात. बघायला येणाऱ्याला मी सांगायची, किडकी रोपं होती, मी जगवली.

आज सुमा बोलली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा, माझ्याकडे बघून.

"आई, रोपं चांगली होती. अम्माचं गोब्बर म्हणजे शेणखत. तुम्ही राख घातलीत. तिनं माती हातात घेतल्या घेतल्या ओळखलं."

"मग मला बोलली का नाही?"

सुमानं बॅगेची चेन ओढली.

"मीही तेच विचारलं. म्हणाली, तुला त्याच घरात राहायचंय."

म्हणजे तो चांगुलपणा नव्हता. माझ्या तोंडाचं भय होतं. एवढी जाणती बाई माझ्या कुळागरात उभी राहून खोटं बोलली, कशाला, तर मी तिच्या लेकीला खाऊ नये म्हणून.

रडू नाही आलं मला. लाज आली.

गाडी दारात आहे. मी जातेय. शिरशीला मला कोणी एक शब्द बोलणार नाही. त्याचीच धास्ती आहे.

बदनामी तुमच्यासमोर केली, म्हणून हे तुमच्यासमोर. तोच फोटो परत टाकलाय. ती पिवळी पानं तिची नव्हेत, माझी.

खाली हात जोडलेले इमोजी टाकू नका. तेव्हा हसलात ते आधी पुसा.

गिरिजाक्का, रोपं चांगली होती हो तुमची.

नमस्कार घ्या.