बाळकुमच्या वळणावरची पांढरी रास

बाळकुमचा गणू आगरी मिठाची रास झाकायला गावात सगळ्यांच्या मागून जायचा. पावसाचे शिंतोडे अंगावर आले तरी याचा हात पेंढ्याला लागत नसे. दर साली कितीतरी मीठ विरघळून खाडीला मिळे. लोक म्हणत, आळशाला गंगा दूर. म्हणोत बापडे. तरुणपणी गणूइतका घाईचा माणूस त्या मिठागरांत दुसरा नव्हता, आणि त्या घाईनेच घात केला.

तेव्हा वसईहून कल्याणला ‘नर्मदा’ आगबोट यायची, दोन्ही कुशींना मोठाली चाकं असलेली. उमेदीत ती मुंबई-रत्नागिरी करायची. पुढे बिनचाकांच्या नव्या बोटी आल्या, हिच्या बॉयलरला ठिगळं लागली, आणि मालकांनी म्हातारीला खाडीत ढकललं. बाळकुमच्या वळणावर भरतीच्या पाण्याखाली खडक लपलेला असे. राघो सारंगाने, म्हणजे बोट हाकणाऱ्याने, त्यावर साधा तोडगा काढला होता. काठावर गणूची पांढरी रास दिसली की बोट पलीकडच्या अंगाला घ्यायची. हे त्याने गणूला स्वतः सांगितलं होतं, आणि गणूला त्याचा कोण अभिमान!

म्हणून पावसाळ्याआधीची आगबोटीची शेवटची फेरी झाल्याशिवाय रास झाकायची नाही, असा त्याचा नेम होता. त्या वर्षी वैशाखातच आभाळ भरून आलं. शेवटची फेरी झाली, असं बंदरावर कुणीतरी म्हणालं. याने खात्री केली नाही. रासेवर पेंढा घातला आणि वरून काळा चिखल थापला.

त्याच दुपारी सखुबाई कोळीण मासळीची टोपली आणि एक बातमी घेऊन बांधावरून आली. भाईंदरला माहेरी बाळंत झालेली गणूची बायको तुळसा, तान्ह्या पोराला घेऊन आजच निघाली होती. आगबोटीची एक जादा फेरी ठरली होती म्हणे. सखुबाईला वाटलं, गणू हरखेल. गणू फावडं घेऊन धावला.

पेंढा उपसला, पण ओला चिखल मिठात उतरला होता. जितकं खरवडावं तितकी रास काळीच. बोटं फाटली, त्यात मीठ झोंबलं. घराला आग लागल्यावर विहीर खणावी तशी ही गत, पण खणल्याशिवाय राहवतं का कुणाला? खाडीत लांबवर धूर दिसला. त्याने डोक्याचं मुंडासं सोडलं, कमरेइतक्या पाण्यात उतरला आणि ते दोन्ही हातांनी हलवू लागला.

“राघोदा, फिरव बोट! खडक हाय!”

चाकांच्या धडधडीत ते कुणाला ऐकू जाणार? काठाकाठाने लोक आगबोटीला हात करतच असत. सारंगाला हाही त्यातलाच वाटला. त्याने उलट हात केला, भोंगा वाजवला, आणि रास दिसत नाही म्हणजे बाळकुमचं वळण अजून पुढे आहे, असं धरून बोट सरळ आणली.

एक चाक खडकावर चढून फुटलं. ‘नर्मदा’ कुशीवर कलली आणि वरची माणसं खाडीत पडली. मिठागरातले सगळे होड्या, फळ्या, जे हाताला लागलं ते घेऊन धावले. तुळसा चाकाच्या फुटक्या फळीला बिलगलेली होती, पोर पदराने गळ्याशी बांधलेलं. गणूने दोघांना ओढत काठाला आणलं. पोर निपचित होतं. त्याने ते उलटं धरून पाठीवर थापट्या मारल्या, आणि तुळसा नुसती गणूच्या तोंडाकडे बघत राहिली.

शेजारी राघो सारंगाला चिखलात आणून बसवलं होतं.

“गणू, रास खंय गेली रे तुझी?”

गणू पोराला थापटतच राहिला. त्याला सारंगाकडे बघवेना. तेवढ्यात पोराने टाहो फोडला आणि गणू हुंदके देऊन रडू लागला.

त्या आवाजावर चिखल चाचपत असलेली एक बाई धडपडत आली. तिचंही तान्हंच होतं बोटीवर. तिने हात पसरले. गणूने पोराचं तोंड तिला दिसेल असं वळवलं. तिने ते नीट पाहिलं, हात मागे घेतले आणि पुन्हा पाण्याकडे गेली.