भरदुपारी दिलेली ओ

हसायचं तर हसा, पण कप आधी खाली ठेवा. माझी ही फजिती ऐकताना एकाने चहा पँटवर सांडून घेतलाय.

पिपरी मेघेत माझं औषधांचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर वाट्टेल ते वाचायचं आणि सापडेल त्याला ऐकवायचं, ही माझी खोड. लग्नानंतर पहिल्यांदाच पवनारला सासरी राहायला गेलो. पोहे आले आणि मी सुरू!

‘‘मामीजी, आपण हाकेला ‘ओ’ देतो ना? बंगालीत ‘ओ’ म्हणजे ‘तो’! तुर्कीतही ‘तो’, पण दोघांचं आपसात नातं शून्य. आणि स्पॅनिशमध्ये ‘किंवा’!’’

सासूबाईंनी पोह्यांवर तर्री वाढली. ‘‘तिकडं काईबी असो, जावईबापू. आमच्या वावरात भरदुपारी एका हाकेले ओ देऊ नका. माणूस तीनदा बलावते. ते एकदाच बलावते.’’

‘‘ते म्हणजे कोण?’’

‘‘तर्री घ्या.’’

मी खो खो हसलो. बायकोने डोळे वटारले.

दुपारी सासऱ्यांबरोबर वावरात गेलो. विहिरीतली मोटार बिघडली होती. ‘‘पाना घेऊन येतो, तुमी सावलीत बसा,’’ म्हणून ते निघाले. घरी गेले असतील, असं मी धरून चाललो आणि बांधावरच्या चिंचेखाली टेकलो. वैशाखाचं ऊन. पान हलेना, पाखरू बोलेना.

‘‘जावईबापूऽऽ!’’

आवाज जमिनीखालून आल्यासारखा, घुमलेला. सासरे तर घरी! सासूबाईंचं बोलणं आठवलं. दुसरी हाक येऊ दे, म्हटलं. येईना. किती वेळ गेला, देव जाणे. आणि मग अगदी कानामागे, हळूच:

‘‘जावईबापू.’’

लाज वाटली हो! सकाळी एवढं पांडित्य, आणि आता दातखीळ? डोळे मिटून ओरडलो, ‘‘ओऽऽ!’’

काहीच नाही. डोळे उघडले, तर चिंचेखाली मी एकटा. मग जो पळालो! चपला तिथेच.

वाटेत सासूबाई डबा घेऊन येताना भेटल्या.

‘‘मामाजी पाना आणायला घरी गेलेत ना?’’

‘‘घरी? पाना तं वावरातल्या खोपडीतच असते!’’ त्या तशाच विहिरीकडे धावल्या, मी मागोमाग.

आत सासरे! छातीभर पाण्यात, पाइपाला धरून. शेजारच्या वावरातली माणसं आली, दोर सोडून त्यांना वर काढलं.

‘‘उतरताना पाय सरकला,’’ सासरे धापा टाकत म्हणाले. ‘‘एक हाक मारली, तं नाकातोंडात पानी गेलं. मंग आवाजच निंघाला नाई. काऊन आले नाई तुमी?’’

‘‘मामाजी, दुसऱ्या हाकेला ओ दिली की मी!’’

‘‘दुसरी? म्या एकच मारली.’’

सासूबाई चिंचेकडे बघत राहिल्या. म्हणजे बघा, माणसाने बोलावलं तेव्हा मी गप्प, आणि जिथे गप्प राहायचं तिथे घसा ताणून ओ!

घरी माझ्यावरून मीठ-मिरच्या उतरवल्या. मी बायकोला बजावलं, ‘‘यापुढं तीन हाका झाल्याशिवाय मी कुणालाच ओ देणार नाही.’’

‘‘त्यात नवीन काय हाय?’’ ती फणकारली. ‘‘सिलिंडर उचलाले मी बलावते, तं पाच हाका लागतात. आन् त्याले मातर एकाच हाकेत ओ!’’