घोडीसाठी बिनआवाजाची मशीन

आमचे आबा कन्नडकडून सकाळच्या एसटीनं आले आणि पिशवी खाली न ठेवताच म्हणाले, "चल, शहागंजला जायचं. केस कापायची मशीन घ्यायचीय. पण आवाज न करणारी."

"तुमच्याकडं मशिनी असताना?"

"माणसाला नाय गं. पाटलाच्या घोडीला."

घ्या! लेकीकडं कधी नव्हं ते यायचं, आणि तेही घोडीच्या कामानं. मला असा राग आला, पण आधी चहा टाकला. बाप लंगडत होता.

आम्ही न्हावी. आबा गावची हजामत करायचे आणि सुगीत घरोघरचं बलुतं आणायचे, त्यावर आम्ही वाढलो. पाटलाची घोडी भित्री. एका पोळ्याला कुणा मेल्यानं तिच्या पायाशी फटाक्यांची लड पेटवली, तेव्हापासून कानाजवळ खुट्ट झालं तरी ती उधळायची. आता तिला खरूज झाली होती. केस काढून औषध लावा, नाहीतर अंगभर पसरंल, असं जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलेलं. आबांनी त्यांची जुनी मशीन लावली, तिच्या कचकचाटानं घोडीनं दावं तोडलं आणि आबांच्या मांडीवर लाथ घातली.

"मुकं जनावर, भेतं बिचारं," आबा म्हणाले. लाथ खाऊनही रागाचं नाव नाही. तेव्हा मला आबांचं लई कौतुक वाटलं. मी खोटं सांगत नाही.

शहागंजात आम्ही दुकानांमागून दुकानं पालथी घातली. आबा प्रत्येक मशीन कानाला लावायचे, डोळे मिटायचे, हळूहळू दाबायचे. एक दुकानदार कंटाळून म्हणाला, "चाचा, मशीन लेने आए की रेडिओ?" आजूबाजूचे हसले. आबा शांतपणे म्हणाले, "घोडी के वास्ते है भाई. डरती है." मग तोसुद्धा मुकाट्यानं आतून आणखी डबे काढायला लागला. अखेर एक मशीन सापडली. स्प्रिंग नरम, पात्यांत तेल सोडलं की नुसती कुजबुज.

तेव्हा आम्ही वाळूजला पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेत राहायचो. कंपन्या वाढत होत्या आणि खेड्यापाड्यांतली माणसं तिकडं लोटत होती. आमच्या शेजारणीचा नवरा आणि माझा नवरा एकाच कंपनीत, एकाच पाळीला. ती बौद्ध. आमचं विरजण तिच्या घरी, तिचं वाटण माझ्या पाट्यावर. विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळा मराठवाडा पेटला होता, पण आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही. आमच्यात काही नाहीच, म्हणून बोलायचं कशाला, असं मी धरून चालले होते.

दुपारी आबा उंबऱ्याशी बसून मशीनला तेल देत होते. शेजारणीचा पोरगा रांगत आला आणि त्यांच्या मांडीवर चढला. त्याचं जावळ अजून काढलेलं नव्हतं. केस डोळ्यांवर यायचे, उकाड्यानं डोक्यात गळवं उठलेली, पोर रात्रभर डोकं खाजवायचं. मशीनचा आवाज आला की ते किंचाळायचं, म्हणून दोनदा सलूनमधून परत आणलं होतं. आबांनी गंमत म्हणून नवी मशीन त्याच्या कानाजवळ चालवली. पोरगं खुदकन हसलं!

"अगं बया!" शेजारीण धावतच आली. "आबा, भ्यालं नाय बघा. आता तुम्हीच काढा याचं जावळ. तुमच्या मांडीवर लगीच रमलं."

आबाही खुशीत. "काढू की. लेकरू गुणाचं हाय. कुठलं म्हणायचं गाव तुमचं?"

तिनं सांगितलं. पिशोरच्या अलीकडचं, आमच्या गावाच्या शिवंला लागून असलेलं. "तिथल्या बौद्धवाड्यातलं आमचं घर," तिनं सरळ सांगितलं. लपवायचं काय होतं?

आबांचा हात थांबला.

मला लगेच कळलं. आबांनी गावच्या म्हशी भादरल्या होत्या, आता घोडी भादरणार होते. पण बौद्धवाड्यातल्या माणसाच्या डोक्याला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. लावला असता तर पाटलानं आणि सगळ्या गावानं त्यांना ओसरीवर चढू दिलं नसतं, बलुतं तुटलं असतं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. ठाऊक असणं वेगळं आणि माझ्याच उंबऱ्यात, तिच्या तोंडासमोर ते होणं वेगळं. मला भुईनं गिळावं असं झालं.

आबांचं धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं झालं होतं. पोरगं त्यांच्या मिशा ओढत होतं. बराच वेळ त्यांनी त्याच्या डोक्यातल्या गळवांकडं पाहिलं. मग एकदम म्हणाले, "काढतो. आण त्याला आत."

माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, जिंकला माझा बाप! मी पटकन पाट मांडला, तांब्या भरला.

"दार लाव गं," आबा हळूच म्हणाले. "आपल्याकडचे लोक येत-जात असत्यात."

आणि मी उठून कडी लावली. विचारसुद्धा केला नाही. बापानं म्हटलं, लावली.

खोलीत अंधार झाला. शेजारीण पोराला घेऊन पाटावर बसायला निघाली होती, ती तशीच उभी राहिली. तिनं कडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"दार लावून करायचं आसंल तं राहू द्या आबा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "माझ्या लेकरानं काय चोरी केलीय?"

तिनं स्वतःच कडी काढली आणि गेली. आबा मशीन फडक्यात गुंडाळत बसले. मग पुटपुटले, "मी तर काढत व्हतो, बाई." मला त्यांची कीव आली, संताप आला, आणि माझीच शिसारी आली. त्यांनी निदान दार लाव म्हणून तोंडानं सांगितलं तरी होतं. मी काही न विचारता उठले होते. संध्याकाळी नवरा आला तर कसल्याशा फुटकळ कारणावरून त्याच्यावर खेकसले. वड्याचं तेल वांग्यावर.

आबा दुसऱ्या दिवशी गेले. काही दिवसांनी गावच्या माणसाबरोबर निरोप आला की घोडीनं कानसुद्धा हलवला नाही, सगळं अंग भादरलं, पाटील खूश आहेत. नवरा म्हणाला, "चला, बरं झालं." मी भाकरी थापत राहिले.

त्याच रविवारी शेजारणीनं पोराला रस्त्यावरच्या सलूनमध्ये नेलं. संध्याकाळी ती घरोघर बुंदी वाटत आली, एकही दार न चुकवता. माझ्याही दाराशी आली. पोराचं डोकं तुळतुळीत, डोळे रडून सुजलेले.

"लई रडला का गं?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"लई. भ्यालं ना ते मशीनला. उलटी झाली, ताई, त्याला तिथंच."

तिनं बुंदी माझ्या हातावर ठेवली आणि पुढच्या दाराकडं गेली. मला ती गिळवेना आणि टाकवेना.