माळ्यावरची चौथी

नातीची ऑनलाइन शाळा सुरू झाली त्या दिवशी मी ठेवणीतलं लुगडं नेसले. गुरुजी घरी येणार होते ना! मोबाईलमधून का होईना, येणार तर होते. मी ओसरी झाडली, डोक्यावर पदर घेतला, मोबाईल पाटावर भिंतीला टेकवून ठेवला आणि त्याच्यापुढे चहाची कपबशी ठेवली. गुरुजी "नमस्कार मुलांनो" म्हणाले आणि तिथेच थिजले. तोंड उघडं, एक हात वर. चहावर साय धरली तरी तसेच.

"आजे, रेंज गेली," नात म्हणाली.

मी चहा पिऊन टाकला. पाहुण्याचा चहा वाया घालवायची आमच्यात पद्धत नाही.

हा थाटमाट मी हौसेने मांडला नव्हता. माझा मुलगा आणि सून दरवर्षी दसरा झाला की टोळीबरोबर ऊसतोडीला जातात. शेवगावकडच्या आमच्या कोरडवाहू रानात एक ज्वारी आली तर आली, एरवी पोट कारखान्याच्या पट्ट्यातच. नात माझ्याजवळ राहायची, कारण गावात शाळा होती. त्या वर्षी आजाराच्या साथीने शाळेला कुलूप लागलं आणि मुलाच्या डोक्यात उजेड पडला.

"आये, शाळा मोबाईलमधीच हाय, तर मोबाईल तिकडं बी चालतो. पोरीला घिऊन जातो. धाकट्याला तरी सांभाळील."

धाकटा नुकताच चालायला लागला होता. आईबाप फडात ऊस तोडत असताना तो ट्रॅक्टरच्या चाकाखाली जाईल ही सुनेची धास्ती खोटी नव्हती. पण भावाला सांभाळायला गेलेली पोरगी परत येते तेव्हा तिला भाकरी थापता येते, मोळी बांधता येते आणि स्वतःचं नाव लिहायला ती विसरलेली असते. हे मला कुठल्या साहेबाने भाषणात सांगितलेलं नाही.

कारण ती पोरगी मीच. आणि काय हुशार पोरगी होते म्हणून सांगू! चौथीत होते. बापाने बैलगाडीत संसार भरला आणि वर मला बसवलं, धाकट्या भावाला मांडीवर दिलं. गाडी शाळेवरून गेली. खिडकीतून सगळा वर्ग बघत होता आणि मी मान अशी ताठ केली, जशी काही माझी मिरवणूकच निघाली आहे. दारात गुरुजी उभे होते. त्यांना मी जीभ काढून दाखवली. मला वाटलं, आता ही सगळी बाराखडी म्हणत बसणार आणि मी जग बघणार. बघितलं की. पुढचा सगळा ऊसतोडीचा हंगाम संपेपर्यंत मी भावाचं नाक बघितलं. जगातली एवढी वाहती गोष्ट दुसरी नसेल.

तर मी मुलाला म्हणाले, "पोरगी हितंच शिकंल."

"शिकली तर हितं. पर वर्गात न दिसता नुसती हुंदडली, तर मधीच टेम्पो धाडीन."

मोठा मोबाईल त्याने घरी ठेवला, स्वतः बटनांचा नेला. एवढं मात्र मानलं पाहिजे.

मग मी रेंज शोधायला निघाले. गोठ्यात नाही, मारुतीच्या पारावर नाही, टाकीखाली होती पण तिथे सगळ्या गावाची पोरं चिकटलेली. शेवटी ती आमच्याच शेतात सापडली. ज्वारी हुरड्यात आली होती. पाखरं हाकायला चार मेढी रोवून वर फळ्या टाकलेला माळा होता. त्यावर चढून मोबाईल उत्तरेकडे धरला की गुरुजी हलायचे, बोलायचे, हसायचेसुद्धा. सरकारने शाळा बंद केली, पण कणसांच्या वर दोन हात चालू ठेवली होती.

झालं. रोज सकाळी माळ्यावर चौथीचा वर्ग. नात मांडी घालून, पुढे पुस्तक. तिच्या पाठीला पाठ लावून मी, हातात गोफण. मोबाईलमध्ये गुरुजी भागाकार शिकवत आणि मी मागून, "हाऽऽऽ हुर्रे! आल्या ग बया भवान्या! हाऽऽऽ!"

पहिल्याच दिवशी गुरुजींनी खडू खाली ठेवला. "कोण ओरडतंय? कुणाच्या घरी भांडण चालू आहे का?"

मी पदर सावरून मोबाईलमध्ये तोंड घातलं. "भांडान न्हाई गुर्जी, भोरड्या आल्यात. तुमी चालू द्या."

भोरड्या म्हणजे थंडीत थव्याने येणारी पाखरं. एक थवा उतरला की तेवढा तुकडा नुसती चिपाडं. पण हे गुरुजींना काय माहीत, त्यांच्यापुढे सगळी पोरं खिदळत होती. एक कार्टं तर म्हणालं, "सर, आजीला परत वरडायला सांगा ना."

नातीने माझ्याकडे असं बघितलं की मला त्या बैलगाडीतून उतरवून दिल्यासारखं वाटलं. तिने आवाज बंद करायचं बटन दाबलं आणि ते कायमचं दाबूनच ठेवलं. माझा आवाज बंद झाला आणि तिचाही. पुढे कितीतरी दिवस पोरगी ऐकायची, लिहायची, पण वर्गाच्या लेखी मुकी. गुरुजी नाव पुकारायचे, उत्तर नाही. ते पुढच्या पोराकडे वळायचे. मी मात्र खूश! केवढी शिस्त लावली वर्गाला! शहाणपण वयाबरोबर येतं असं मला तेव्हा वाटायचं.

व्हायचं ते झालं. गावातल्या कुणा भल्या माणसाने मुलाच्या कानावर घातलं. त्याचा फोन आला.

"आये, पोरगी दिवसभर माळ्यावर असती म्हनं. पाखरं राखायला ठिवली व्हय तिला? गुर्जी बी म्हनत्यात, वर्गात बोलत न्हाई."

"आरं, तिथंच शाळा हाय तिची."

"माळ्यावर शाळा? मला येडा समजती का? बाजाराच्या दिवशी मुकादमाचा टेम्पो येतोय. पोरीला बसवून दे. हिकडं धाकट्याला बांधून ठिवायची पाळी आलीय."

मागे मुकादम खोकत होता. टोळी आपण चालवतो म्हणून सूर्य उगवतो, असा त्याच्या खोकल्याचा सूर.

नात दाराशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. रडली नाही. दप्तरात पुस्तकं भरली आणि मला म्हणाली, "आजे, मोबाईल कुणाकडं दिऊ?"

तो प्रश्न मला लागला. आमच्या काळी मी जीभ तरी काढून दाखवली होती.

मी मुलाला परत फोन लावला. "न्यायला टेम्पो धाड. पर त्याच्या आधी येक दिस तू शाळंत ये. मुकादमाचा मोठा मोबाईल घे. लिंक धाडते." लिंक म्हणजे काय ते मला आजही नीट माहीत नाही, पण शब्द असा फेकला की मुलगा "येतो" म्हणाला. लिंक नातीने धाडली.

दुसऱ्या दिवशी गुरुजी नकाशा शिकवत होते. घराच्या आसपासचा नकाशा काढून आणायला सांगितला होता. पडद्यावर पोरांची डोकी, आणि त्यात मधेच एक चौकट उघडली. तिच्यात अर्धी मिशी आणि मागे ऊस. मिशी मुकादमाची. मग मोबाईल हलला आणि डोक्याला टॉवेल बांधलेला माझा मुलगा दिसला, जळक्या उसाच्या काजळीने काळा झालेला.

"आपण कोण?" गुरुजी म्हणाले.

"पालक हाय सर. बसतो मागं." फडातल्या ढेकळावर बसला बिचारा.

गुरुजींनी नातीचं नाव पुकारलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग बटनाकडे. आणि नेमक्या तेव्हाच ओढ्याच्या अंगाने भोरड्यांचा काळा पट्टा उठला.

मी गोफण खाली ठेवली. तोंडावर पदर दाबला.

पोरीने बटन उघडलं आणि वही पडद्यासमोर धरली. "हा ओढा. ही शाळा, कुलूप हाय म्हणून काळी केली. ही टाकी. हे सगळं मी माळ्यावरून बघून काढलंय सर." सुरुवातीला आवाज थरथरला, मग लागला खणखणीत. भोरड्या वरच्या तुकड्यावर उतरल्या. ज्वारीची ताटं वाकली. मी त्यांना माझं पीक खाताना बघत होते आणि हं की चूं करत नव्हते. आयुष्यात एवढा वेळ मी कधी गप्प बसलेली नाही. विचारा कुणालाही.

"आणि हा रस्ता?" गुरुजींनी विचारलं.

"हा पश्चिमेला जातो. ह्यावरून आई-पप्पा गेले. पुढचं माळ्यावरून दिसत न्हाई, म्हणून तिथं संपवला."

पलीकडून मुलाचा घोगरा आवाज आला, "पुढं नदी लागती, बाय. मोठा पूल. पूल वलांडला की डाव्या हाताला कारखान्याची चिमनी. तिच्या मागं आमच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या."

"किती कोप्या पप्पा?"

"काढ भरपूर. शेवटची आपली."

ती काढत राहिली, तो सांगत राहिला. गुरुजींनी मधे तोंड घातलं नाही. भोरड्या उठल्या तेव्हा वरच्या तुकड्यात दाणा म्हणून राहिला नव्हता.

संध्याकाळी मुलाचा फोन. "आये, टेम्पो येतोय."

"आरं पर..."

"ऐक तर. पोरीला न्यायला न्हाई. धाकट्याला धाडतोय. हिच्या आईनं रडून घेतलंय, पर तीच म्हनली, तुझ्याजवळ बरा."

बाजाराच्या दिवशी टेम्पो आला. ड्रायव्हरने एक शेंबडं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. ते माझ्याकडे बघून भोकाड पसरलं. तेच नाक, तीच धार. इतकी वर्षं मधे गेली आणि माझी बढती कुठे झाली, तर परत तिथेच.

आता माळ्यावर तिघं. नात बटन उघडं ठेवून शिकते. मी गोफण फिरवते, पण ओरडत नाही. ओरडायचं खातं धाकट्याने घेतलं आहे.

"कोण ओरडतंय तिकडे?" गुरुजी विचारतात.

"नवीन पोरगं हाय गुर्जी," मी सांगते. "हजेरी लावा."