ताईने पोरीला उठवलं नाही

मी माझ्या पोरीची झोप मोडली. एक-दोन दिवस नाही, चांगलं दीड वर्ष.

हे मला तोंडावर सांगणारी एकच बाई होती. माझी थोरली बहीण. तिला जाऊन आज चार दिवस झाले.

फोटो टाकत नाही. तिला फोटो काढलेला आवडायचा नाही.

आम्ही डहाणूचे बोटवाले. आमच्याकडे झोप घड्याळावर नसते, पाण्यावर असते. भरतीचं पाणी रोज पाऊण तास उशिरा येतं आणि माणूस त्याच्या मागे सरकत राहतो. आज रात्री दोनला उठा, उद्या पावणेतीनला.

यात काही चुकतंय असं मला कधी वाटलंच नाही.

माझी तन्वी आठशे मीटर धावते. शाळेचं मैदान म्हणजे नुसते दगडगोटे. पण ओहोटीला आमच्याकडे जी वाळू उघडी पडते ती सिमेंटसारखी घट्ट. मी म्हटलं, देवाने फुकटात ट्रॅक दिलाय.

मग तिथी बघून ओहोटीची वेळ काढायची आणि पोरीला उठवायचं. द्वादशीला पहाटे तीन. त्रयोदशीला पावणेचार. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात मोबाईलचं स्टॉपवॉच.

वय वर्षं बारा.

जे बोटीला चालतं ते पोरीलाही चालेल, एवढीच माझी अक्कल.

टायमिंग आधी सुधारलं, मग थांबलं, मग घसरायला लागलं. मी म्हटलं, आळशी झालीय. प्रॅक्टिस वाढवली.

बायको गप्प असायची. माझ्यापुढे बोलायची तिची सवय मीच मोडली होती. हे पण आज लिहून टाकतो.

मग तलासरीला स्पर्धा होती. पहिल्या फेरीत तन्वी सगळ्यांच्या पुढे. दुसऱ्या फेरीत मध्येच बाजूला झाली, गवतात बसली, गुडघ्यावर डोकं टेकलं आणि चक्क झोपली.

लोक हसले.

मी सगळ्यांसमोर ओरडलो, "लाज नाय वाटत?"

परत येताना, डहाणू आल्यावर ती गाडीत हळूच म्हणाली, "पप्पा, उद्या ओहोटी किती वाजता?"

ताई आमच्या शेजारच्या घरात एकटी राहायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. डहाणूतच, मसोलीच्या बाजारात मासे विकायची. त्या संध्याकाळी ती आमच्या दारातच उभी होती. कोणीतरी तिला आधीच फोन केला होता.

"दिन्या, पोरगी काय बोट हाय, पाणी बघून ढकलायला?"

"ताई, तुला स्पोर्ट्समधलं काय कळतं?"

"झोपेतलं कळतं."

तन्वीचा हात धरला आणि आपल्या घरी घेऊन गेली.

तरी मी रात्री अडीचला जाऊन तिचं दार वाजवलं. होय, वाजवलं.

आतून आवाज आला, "पोर झोपलीय. तू पण जाऊन झोप."

मी नको ते बोललो. आजूबाजूचे चार लोक उठले. दार काही उघडलं नाही.

त्या दिवसापासून तन्वी रोज ताईकडेच झोपायची. नऊला दिवा बंद, सहाला उठायचं. त्यासाठी ताईने बंदरावरचा पहाटेचा लिलाव सोडला. उशिरा जायची, उरलासुरला माल उचलायची आणि ताजं का नाही म्हणून गिऱ्हाइकांची बोलणी खायची.

झोपताना पोरीच्या पायांना खोबरेल चोळायची. टायमिंग एकदाही विचारलं नाही. रोज एकच प्रश्न, "आज कोणाबरोबर हसलीस?"

बायको सांगते, पहिले कितीतरी दिवस तन्वी म्हणायची, "कोणाबरोबरच नाही."

आता ती शाळेतल्या मुलींबरोबर संध्याकाळी धावते, त्याच दगडगोट्यांत. गेल्या महिन्यात स्पर्धेत तिसरी आली आणि उड्या मारत आत्याकडे गेली. माझ्याकडे नाही.

मला तेव्हा तिसरी आल्याचंच वाईट वाटलं होतं. खोटं कशाला बोलू.

चार दिवसांपूर्वी तन्वी सहाला आपणहून उठली. शेजारी ताई थंड पडली होती.

डॉक्टर म्हणाले हार्ट अटॅक. दुखायला बरंच आधी लागलं असणार. उशाशी पाण्याचा तांब्या होता, अर्धा प्यायलेला. म्हणजे ती उठली होती, पाणी प्यायली होती आणि परत येऊन पडली होती.

पोरगी हाताच्या अंतरावर होती. माझं दार दहा पावलांवर.

ताईने कोणालाच उठवलं नाही. वाटलं असेल, पित्त असेल, सकाळपर्यंत बरं वाटेल. की पोरीची झोप मोडेल म्हणून? मला माहीत नाही. आता कधी कळणारही नाही.

"आत्याने मला का नाही उठवलं?" तन्वी हे चार दिवस विचारतेय. आणि चार रात्री ती डोळे उघडे ठेवून बसलीय. आपण झोपलो की कोणीतरी मरतं, असं तिला वाटतंय.

पोरीला उठवायचं कसं, ते मला पक्कं येतं. झोपवायचं कसं, ते येत नाही. बापाला हे येत नसावं याची मला आज लाज वाटते.

आज संध्याकाळी खोबरेल घेऊन तिच्या पायाशी बसलो. हात जड आहेत माझे, दोर ओढून ओढून.

"आज कोणाबरोबर हसलीस?" ताईचाच प्रश्न मी विचारला.

ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही इथेच झोपा. आणि दुखलं तर मला उठवा."

"उठवेन."

"नक्की?"

"नक्की."

नऊ वाजून वीस मिनिटांनी डोळा लागला तिचा. हे मी तिच्या उशाशी बसूनच लिहितोय.

ताई, दार आतून लावलंय. पोर झोपलीय.

आता तू पण झोप.

तुझा दिन्या