लुकेरियाचं पहिलं खोटं

कॅनडातल्या ग्रँड फोर्क्समध्ये लुकेरिया प्लॉटनिकॉफ गांज्याची खोकी बांधायची. चोरून नव्हे, परवान्याच्या ऑनलाइन दुकानात. गिऱ्हाइकानं घरबसल्या मागवायचं आणि पोचवणाऱ्यानं दारात वयाचा दाखला बघून खोकं हातात द्यायचं, की झालं काम. हिनं बांधलेला माल चार दिवसांत प्रांताच्या पार दुसऱ्या टोकाला पोचायचा.

धाकटी बहीण मलाशा मात्र वीस मिनिटांवर, सरहद्दीपलीकडे अमेरिकेत राहायची. विधवा, एकटी, हाडांचा कॅन्सर. तिकडेही गांजा दुकानात राजरोस मिळतो, पण घरपोच द्यायला बंदी. जिला न्हाणीघरापर्यंत चालवत नाही तिनं म्हणे स्वतः दुकानात यावं. इकडून गांज्याच्या तेलाची बाटली न्यावी तर दोन्ही देशांत गुन्हा. असले कायदे करणाऱ्यांना एकदा तरी हाडं दुखायला हवीत, असं लुकेरिया दुकानात सगळ्यांदेखत म्हणाली होती.

शेवटी नुसती बोर्शची, बीटच्या सुपाची, बरणी घेऊन ती निघाली. मलाशाजवळ बसायचं, एवढंच. अमेरिकेच्या चौकीवरच्या अधिकाऱ्यानं विचारलं, काम काय करता. तिनं सांगितलं. मग त्यानं विचारलं, स्वतः कधी ओढलात का? दुखोबोर या जुन्या रशियन पंथाच्या घरात वाढलेली बाई ती. शपथ घ्यायची नाही, कारण एरवीही खरंच बोलायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं. ती म्हणाली, “एकदा. एकोणऐंशी साली, तळ्यावर.”

तेव्हा तो गुन्हा होता, आणि तो तिनं आपल्या तोंडानं कबूल केला होता. तिच्या बोटांचे ठसे घेतले, प्रवेशबंदीचा कागद हातात दिला. परवानगीसाठी अर्ज करता येईल, काही महिने लागतील. मलाशाकडे महिने नव्हते.

दुकानातली सगळी तिलाच हसली. आम्ही दर आठवड्याला जातो, ‘नाही’ म्हणायला काय पैसे पडतात? लुकेरियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रात्रंदिवस ओढणारे ते खुशाल ये-जा करणार, आणि एका झुरक्यासाठी ही अडकणार.

मलाशा फोनवर रडली. “माझ्यासाठी एकदा खोटं बोल गं, लुशा.”

लुकेरियानं आरशासमोर उभं राहून ‘नाही’ म्हणून बघितलं. तीन दिवस. मग ती दूरच्या, पश्चिमेकडच्या चौकीवर गेली. तिथल्या तरुण अधिकारी बाईनं तोच प्रश्न विचारला.

“नाही. कधीच नाही,” लुकेरिया म्हणाली.

बाईनं पडद्याकडे बघितलं. “पण मागच्या आठवड्यात तुम्ही हो म्हणाला होतात. सरकारी माणसाशी खोटं बोललात. आता परवानगी मिळणं आणखी कठीण.”

“खरं बोलले तर हाकललंत, खोटं बोलले तर हाकलताय,” लुकेरियाचा आवाज चढला. “माझी बहीण मरतेय तिकडे. मी बोलू तरी काय, ते तुम्हीच लिहून द्या.”

बाईनं कागद लिहून दिला, तो बंदीचाच.

घरी येऊन तिनं फोन लावला. मलाशाचा आवाज पार खोल गेला होता.

“बोललीस खोटं?”

“बोलले.”

“तू? माझ्यासाठी?” मलाशा थोडं हसली. “मग तू येऊन गेलीस असंच समजते मी.”

“तू समज,” लुकेरिया म्हणाली. “मी नाही समजणार. मेले तरी नाही.”